घासलेले दांडे

३ सप्टेंबर २००१, सोमवार

कळंबला आले. जुन्नर ते नारायणगाव उभ्यानं, पुढे एका इसमाच्या कांद्याच्या पिशवीवर पाय ठेवून. तो सबंध वाटभर खिडकीतून थुंकत होता आणि वारा माझ्या बाजूला होता.

भावाला, संपतला, पाहिलं. झटका येऊन तीन आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय निकामी, वाचा गेली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते, ती भावजय कुशाबाई पदरानं पुसते. पदरानं. मी तिला सहा स्वच्छ रुमाल काढून दिले. "बरं आक्का," म्हणाली आणि कपाटात ठेवून आली.

डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत उभा राहील, पण उभं राहावंसं वाटेल असं काही समोर पाहिजे. समोर आहे ते त्याचं वर्कशॉप, अंगणापलीकडे, अगदी हायवेला लागून. पंचवीस वर्षं चालवलं त्यानं. काम देणारी कंपनी आता एकच उरली आहे, भोसरीची. पंपाखाली बसवायच्या लोखंडी पट्ट्या इथून भोकं पाडून जातात. ते काम सुटलं की वर्कशॉपला कुलूप, आणि रोज खाटेवरून ते कुलूप बघत पडलेला संपत पुन्हा उठणार नाही. मी निवृत्त आहे. १९६४ची बी.एस्सी. आहे, फिजिक्स. तीस-पस्तीस वर्षं मुलांना तरफ, पाचर आणि घर्षण शिकवलं आहे. संपत उभा राहीपर्यंत वर्कशॉप मी बघणार.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. कोणाला आठवण नाही, ते बरंच आहे.

वर्कशॉप आतून पाहिलं. कोपऱ्यांत तंबाखूच्या पिंका, वर्षानुवर्षांच्या, थरावर थर. चहाच्या ग्लासांना वंगण. भिंतीवर नटीचं कॅलेंडर, तेही १९९६ सालचं. मी ते उतरवलं तर मागे पाल होती.

माणसं दोन. सोपान लेथवर, तिशीचा, बोलका, मी काही म्हणायच्या आत "बरोबर बाई" म्हणतो. हौशीराम ड्रिलिंग मशिनवर. पन्नाशीचा, राजुरीचा, घरी अजून मेंढरं आहेत. बावीस वर्षं संपतकडे आहे. याच्याशी माझं जमायचं नाही, हे पाच मिनिटांत कळलं.

मोठ्या ड्रिलचा मागचा दांडा निमुळता असतो. त्याला शँक म्हणतात. मशिनच्या तोंडात तसंच निमुळतं भोक असतं. माप जुळत नसेल तर मध्ये स्लीव्ह नावाची नळी घालतात. बारीक ड्रिलं चकच्या जबड्यात धरतात आणि चक ज्या निमुळत्या दांड्यावर बसतो तो आर्बर. एवढं साधं आहे. हौशीराम काय करतो, तर शँक हातात घेतो, सदऱ्याच्या पोटावर पुसतो, मग तळहातानं पुसतो, मग स्लीव्हमध्ये तंबाखूच्या तोंडानं फुंकर मारतो आणि एका झटक्यात दांडा वर बसवतो. दर वेळी हेच. सदऱ्यावर पोटाशी ताटाएवढा काळा डाग आहे. मला शिसारी आली.

"हे काय करता?"

"पुसतोय बाई."

"कापड नाही का?"

"कापडाचा धागा ऱ्हातो."

"आणि ती फुंकर?"

"आत कचरा आसतो."

"तुमच्या तोंडातला कचरा आत जातो, त्याचं काय?"

सोपान हसला. हौशीराम हसला नाही.

माझ्या जुन्या सुती साडीची फडकी फाडून खिळ्याला लावली. सदऱ्याला पुसणं आजपासून बंद.

२० सप्टेंबर

घरून फळा आणवला आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांना समोर बसवलं. यंत्र चालवणाऱ्याला ते का चालतं हे कळलं पाहिजे.

शँकच्या टोकाला एक चपटी शेपटी असते, ती स्लीव्हमधल्या खाचेत जाते. मी चित्र काढून सांगितलं की मशिन खाच फिरवतं, खाच शेपटीला फिरवते आणि शेपटी ड्रिलला. बाकीचा दांडा नुसता आधाराला.

हौशीराम म्हणाला, "शेपटी काढायला आसती बाई. खाचंत पाचर मारली की ड्रिल खाली येतं."

"मग फिरवतं कोण?"

"सगळा दांडाच धरतो."

"कशानं धरतो? त्याला ना दाते, ना खिळा."

त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "बसतो म्हनून धरतो."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बसतो म्हणून धरतो", आणि विचारलं, याला कारण म्हणतात का? सोपान म्हणाला, "बाई, हौशीरामभाऊंचं शिक्षान बिगरीतच थांबलंय." हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बावीस वर्षं एक काम करायचं आणि ते का होतं हे सांगता येऊ नये. या देशाचं असंच चाललं आहे. उबग येतो.

९ ऑक्टोबर

कंपनीची ऑर्डर आली. दोनशे चाळीस पट्ट्या, प्रत्येकीला चार भोकं, नोव्हेंबरअखेर. संपतला वाचून दाखवली. डाव्या हातानं त्यानं कागद घेतला आणि दुपारभर छातीवर ठेवला.

कुशाबाईनं आज पुन्हा "त्यास्नी जेवाया दिलंया" म्हटलं. "त्यांना जेवायला दिलं आहे" असं म्हणावं, हे मी चौथ्यांदा सांगितलं.

१८ ऑक्टोबर

आठवड्यावर खंडेनवमी. पूजेत काय काय मांडता, म्हणून कपाट उघडलं. सगळे शँक, स्लीव्ह, आर्बर तपकिरी-काळे, जुन्या तव्यासारखे. हे देवापुढे ठेवतात. सोपान म्हणाला, दरसाल नुसतं रॉकेलनं पुसतो. मी म्हटलं, यंदा चकाकलं पाहिजे. दांडे लेथवर फिरवून त्यांना पॉलिश पेपर लावायचा. स्लीव्हच्या आतून काठीला पेपर गुंडाळून. सोपान लगेच कामाला लागला.

हौशीराम मध्ये आला. "बाई, पान्हं घासा, हातोडं घासा, मी बी लागतो घासाया. दांड्याला पालिस पेपर नको."

"का?"

"बसायचं न्हाई मग."

"जितकं गुळगुळीत, तितकं नीट बसेल."

"तसं न्हाई त्ये."

"मग कसं ते सांगा."

त्यानं एक आर्बर उचलला, अंगठा फिरवला. एवढंच म्हणाला, "मशिनच्या तोंडातलं मी करतो सोताच्या हातानं. त्याला कुनी हात लावू नगा." बरं, म्हटलं, निदान काहीतरी करतोय.

चकचा आर्बर आरशासारखा झाला. संध्याकाळी मुद्दाम संपतकडे नेला. त्यानं डाव्या हातात घट्ट धरला, अंगठ्यानं घासून घासून पाहिला, डोळे भरले, घशातून आवाज काढायला लागला. आर्बर परत देईना. इतक्या वर्षांत आपली हत्यारं अशी पाहिलीच नव्हती बिचाऱ्यानं. कुशाबाई दारात उभी होती. "त्यांना दम लागलाय, ऱ्हाऊ द्या आक्का," म्हणाली. या बाईला माणसाचा आनंदही कळत नाही.

२५ ऑक्टोबर

खंडेनवमी. पांढऱ्या कापडावर सगळं मांडलं. झेंडू, हळदकुंकू, नारळ. ऊन पडलं तसे दांडे चांदीसारखे दिसले. कपाटातलं थोडं कमी वाटलं, पण स्वच्छ झालं की पसारा कमी दिसतोच.

हौशीराम मशिनपुढे फार वेळ वाकून होता.

२७ ऑक्टोबर, शनिवार

काम सुरू. हौशीरामनं पहिल्याच ड्रिलचं कुंकू माझ्या डोळ्यांदेखत सदऱ्याला पुसलं. फडकी समोर लटकत असताना. मी बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि तेच ड्रिल पुन्हा पुसलं.

सकाळपासून तीनदा मशिन थांबवलं. म्हणे डुगडुगतंय. ज्याला काम करायचं नसतं त्याचं मशिन डुगडुगतंच.

२ नोव्हेंबर

पहिली शेपटी गेली. भोक पाडता पाडता ड्रिल आतल्या आत थबकलं, मशिन फिरत राहिलं, कर्कश आवाज झाला. बाहेर काढलं तर शेपटी पिरगळून तुटलेली आणि त्या सुंदर दांड्यावर ओरखडे. मी हौशीरामला म्हटलं, जोर जास्त लावलात. तो म्हणाला, "बाई, आता सगळा भार शेपटीवर येतोय."

"यायलाच पाहिजे. मी तेच शिकवलं होतं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला बोर्डाच्या परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देणारी मुलं आठवली.

५ नोव्हेंबर, सोमवार

आज जे घडलं ते लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शनिवारपर्यंत चार शेपट्या गेल्या. पण कालपासून हौशीरामचं काम एकदम साफ, तुटफूट नाही. मी चहाला गेले की जास्तच वेगानं. मला शंका आली. तो हात धुवायला गेला तेव्हा बाकाखालचा त्याचा पत्र्याचा डबा ओढला. आत गोणपाटात, वंगणानं बरबटलेल्या चिंध्यांत गुंडाळलेले दोन स्लीव्ह, एक आर्बर, तीन ड्रिलं. तशीच तपकिरी, तशीच घाण. हाताला जे लागलं ते तीनदा साबणानं धुतलं तरी वास जात नाही.

म्हणजे पूजेतून यानं हत्यारं चोरून ठेवली.

सोपानसमोर विचारलं. "ही चोरी नाही का?"

"चोरून कुठं न्हेलंय? हितंच हाय."

"लपवलं कोणापासून?"

"तुमच्यापासून," म्हणाला. आवाज न चढवता.

मी त्याला कामावरून काढलं. शाळेत असते तर दुसरं काही केलं नसतं. तो म्हणाला, "पट्ट्या बाकी हायत बाई. दीडशे."

"त्या मी बघेन."

रिकामा डबा त्यानं काखेत घेतला, टोपी घातली. घराच्या दाराशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला. आत संपत होता. आत गेला नाही.

६ नोव्हेंबर

त्या डब्यातले दांडे आणि स्लीव्हही घासून घेतले. सोपान म्हणाला, "हे बी, बाई?" म्हटलं, हे आधी.

१० नोव्हेंबर

कंपनीचा इंजिनिअर आला. आदेश नाव, पंचविशीतला, स्वच्छ शर्ट, नम्र. असं कोणी दिसलं की बरं वाटतं. त्यानं माप लावलं आणि एकेक पट्टी बाजूला ठेवत गेला. बाजूला ठेवलेल्या साठ झाल्या.

"मॅडम, भोकं मोठी आहेत. आणि गोल नाहीत, लांबट आहेत. ड्रिल डोलतंय तुमचं. हौशीराम कुठायत?"

"त्यांना काढलं."

तो चहा पीत राहिला. कप खाली ठेवून म्हणाला, "तारीख मी बदलू शकत नाही. महिनाअखेरीला माल नसला तर साहेब काम दुसरीकडे देतील. साठ पट्ट्यांचं लोखंड मी पुन्हा पाठवतो, एवढंच माझ्या हातात आहे."

शिकलेला मुलगा, आणि पहिला प्रश्न काय, तर हौशीराम कुठायत. जाताना त्यानं एक घासलेला दांडा उचलून उजेडात धरला होता. मला वाटलं काही चांगलं बोलेल. ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

संपतला उशांच्या आधारानं बसवून ओवाळलं. ओवाळणी म्हणून कुशाबाईनं त्याच्या हातात साडीची घडी दिली होती, ती त्यानं बाजूला सारली. माझं मनगट धरलं. मग डाव्या हाताचा अंगठा त्यानं आपल्या आखडलेल्या उजव्या मुठीत घातला, फिरवला, सैल बाहेर काढला आणि मान हलवली. नाही, नाही. पुन्हा घातला, फिरवला, काढला. चार-पाच वेळा. मला वाटलं मूठ उघडत नाही म्हणून त्रासलाय. मी त्याची बोटं चोळून दिली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

ऑर्डरचा कागद उशीखाली ठेवला आहे. लाळेनं कडा भिजल्या आहेत.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सोपानचा हात गेला असता. दोन बोटांवर भागलं.

एकटाच ड्रिलिंगवर होता. चकमध्ये बारीक ड्रिल. भोक आरपार झालं, ड्रिल लोखंडात अडकलं आणि त्यानं मशिन वर घेतलं तसा चक आर्बरसकट खाली निसटला, फिरत फिरत, सरळ डाव्या हातावर. मी दोन पावलांवर होते. लाल मी पाहिलं, पांढरंही पाहिलं. तिथेच खिळ्याला माझ्या साडीची फडकी होती, तीच बांधली.

मंचरला नेलं. दोन बोटांची हाडं मोडली आहेत. राहतील, पण वाकणार नाहीत म्हणतात. जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "त्यो आर्बर हातानं निघत व्हता बाई. सकाळीच बघितलं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी म्हनला असता, गुळगुळीत झालाय म्हनून निघतो."

म्हटलं असतं.

२० नोव्हेंबर

सकाळी वर्कशॉपात एकटी गेले. जमिनीवर डाग होता. आधी तो धुतला.

मग खडू घेतला. एका घासलेल्या शँकवर लांबीत तीन रेघा ओढल्या, दांडा हातानं स्लीव्हमध्ये दाबला, थोडा पिळला, बाहेर काढला. सबंध दांडा आत टेकत असता तर रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या जायला हव्या होत्या. जाड टोकाशी बोटभर पुसल्या होत्या. खाली जशाच्या तशा. दुसरा शँक. तिसरा. चकचा आर्बर. एकाचंही अंग स्लीव्हला पुरतं लागत नव्हतं. सगळे आत नुसते उभे होते, गाडीत आधाराशिवाय उभ्या माणसासारखे. पेपरनं कुठे जास्त झिजले, कुठे कमी. डोळ्याला दिसत नाही इतकं. पण एवढंच पुरेसं आहे.

दांडा निमुळता असतो तो यासाठी. वर दाबला की चहूकडून आवळला जातो आणि अंगाला अंग लागल्यानं, नुसत्या घर्षणानं, मशिनबरोबर फिरतो. शेपटी काढण्यापुरती. अंग सुटलं की सगळा भार शेपटीवर येतो, आणि ती पिरगळते. धुळीचा एक कण मध्ये आला तरी अंग सुटतं. म्हणून पुसायचं. धागा न सोडणाऱ्या सदऱ्याला, आणि मग तळहातानं, कारण कण तळहाताला लागतो. नववीच्या पुस्तकातला घर्षणाचा धडा मी पस्तीस वर्षं शिकवला.

दुपारी कुशाबाईला विचारलं, तुला माहीत होतं?

"हौशीराम दाराशी येऊन सांगून गेला व्हता. त्यांना बी समदं कळत व्हतं. आर्बर दावला तवा रडले न्हाईत का?"

"मला का नाही सांगितलंस?"

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी सांगाया लागले असते आन् तुमी माझी भाषा सुधरवली असती."

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही म्हणतात. आज येतोय. जेवले नाही.

२१ नोव्हेंबर

राजुरीला गेले. आळेफाट्यावर गाडी बदलून, पुढे चालत.

हौशीराम घरामागे मेंढरांची जाळी सांधत बसला होता. सदरा तोच. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, पाणी दिलं आणि खांबाला टेकून उभी राहिली, जायचं नाव नाही. लेंड्यांचा वास होता. मी तो हुंगत बसले, कारण बोलायला सुरुवात सापडेना.

शेवटी म्हटलं, "चूक झाली."

"कुनाची?" गोजरबाई म्हणाली.

"माझी."

हौशीरामनं गाठ पुरी केली. "सोपानचा हात कसा हाय?"

सांगितलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "डब्यातलं बी घासलं म्हनं."

"हो."

"वाटलंच." जाळीचा धागा ओढत म्हणाला, "त्यो आर्बर संपतभाऊंनी आन् मी मिळून आनला व्हता, पुण्यास्नं. पहिलं ड्रिलिंग मशिन घेतलं तवा. एका येळंला बी निसटला न्हाई."

मी विचारलं, "मला नीट समजावून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं व्हतं. तुमी फळ्यावर लिवलं की."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मी पाहिलं नाही.

महिनाअखेर, पट्ट्या, संपत, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि जाळीचं भोक मापत होता. मग म्हणाला, "येतो. मशिनच्या तोंडाला मी पेपर लावला न्हाई, नुसतं पुसलंय. त्ये चांगलं हाय. स्लीव्ह, ड्रिलं मंचरला एकजन वळखीचा हाय, त्यो दीड आठवडा दील. पर एक सांगतो बाई. तुमी उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

"वर्कशॉप माझ्या भावाचं आहे."

"म्हनून तर."

"किती दिवस?"

"संपतभाऊ सोताच्या पायानं आत येत्याल तवर."

माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. हेडमास्तरही नाहीत. बरं म्हटलं. उठले तेव्हा गोजरबाई म्हणाली, "च्या तरी घ्या, मास्तरीनबाई." कपाची कड तुटकी होती. घेतला.

२३ नोव्हेंबर

हौशीराम सकाळी आला, मंचरहून गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन. अंगणात हात पुढे केला. किल्ल्या दिल्या. आधी तो संपतकडे गेला, काय बोलला ते मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात थांबले होते.

घासलेलं सगळं त्यानं एका पोत्यात भरून बाहेर आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. "हे भंगार. इकायचं का ठिवायचं, तुमी ठरवा." तोंडावर काही दिसत नव्हतं. पोतं खाटेखाली ठेवलं आहे.

सोपान बांधलेल्या हातानं पट्ट्या उचलून द्यायला येतो. नको म्हटलं तरी येतो. अंगणातून जाताना "बरोबर बाई" म्हणत नाही.

२९ नोव्हेंबर

खिडकीशी बसून पावत्या, चलनं, कंपनीची पत्रं लिहिते. हौशीराम हिशेबाचे कागद कुशाबाईच्या हाती पाठवतो. आज ती म्हणाली, "हौशीराम ईचारतोय, दोनशे चाळीस आकड्यांत लिवायचं का अक्षरांत." दोन्ही, म्हटलं. "ईचारतोय" तसंच राहू दिलं.

आदेशला पत्र लिहिलं होतं की साठ पट्ट्या वाया गेल्या त्या माझ्या आज्ञेनं. हत्यारं मी घासायला लावली, कारागिराचा दोष नाही. दोनदा फाडलं. तिसरं पोस्टात टाकलं. मुलांना मी चूक शंभर वेळा लिहायला लावत असे. एकदा लिहिणं इतकं ओकारी आणणारं असतं हे ठाऊक नव्हतं.

४ डिसेंबर, मंगळवार

माल शुक्रवारीच, तीस तारखेला, गेला. दुपारी वर्कशॉपातला फोन वाजला. सोपान अंगणात येऊन म्हणाला, भोसरीचा आहे, मॅडमच पाहिजेत म्हणतात.

फोन आत, टेबलावर. वायर दारापर्यंत पोचत नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. हौशीरामनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मग त्यानं टेबल फरफटत खिडकीशी नेलं आणि रिसीव्हर गजांतून बाहेर दिला. मी वळसा घालून मागे गेले. तिथे सांडपाणी वाहतं. पाय त्यातच ठेवावे लागले.

आदेशच होता. सगळ्या पट्ट्या पास झाल्या. पुढची ऑर्डर पाचशेची आहे, पण साहेबांनी माझं पत्र वाचलंय. जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, साहेब विचारतात, कामावर देखरेख कोणाची असणार? तुमची का?"

गजापलीकडे हौशीराम उभा होता, ऐकत. त्याच्या मागे दारातून आमच्या घराची ओसरी दिसत होती. संपतला कुशाबाईनं खांबाला धरून उभं केलं होतं, रोजचा व्यायाम. तोही इकडेच बघत होता.

"माझी नाही," मी म्हटलं. "मी आत जात नाही. तेवढ्या भरवशावर काम इथे पाठवा."

मग तो म्हणाला, सोमवारी लोखंड पाठवतो.

हौशीरामनं गजांतून हात पुढे केला, रिसीव्हर घेतला, खाली ठेवला. "सोमवार?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. तो वळला आणि मशिन सुरू केलं. मी सांडपाण्यातून बाहेर आले आणि पाय धुवायला नळाकडे गेले.